परवाची तपासणी

शेवटची पाळी येऊन दीड महिना झालाय, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं थोडं अंगावर जातंय आणि लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटल्यात. अशी बाई दवाखान्यात आली, तर तिला नक्की काय झालंय हे पहिल्याच भेटीत सांगता येईल असं नाही. मुंबईत सांगता येत नाही, नागपुरात येत नाही, गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीतही येत नाही. तीन शक्यता असतात. गर्भ पिशवीतच आहे, पण सोनोग्राफीत दिसण्याइतका अजून वाढलेला नाही. किंवा तो पडतो आहे. किंवा तो पिशवीबाहेर, बहुधा नळीत, रुजला आहे. पहिली शक्यता आनंदाची, दुसरी दुःखाची पण सहसा जिवावर न बेतणारी, तिसरी जिवावरची. सुरुवात मात्र तिन्हींची सारखीच.

म्हणून डॉक्टर रक्त तपासतात आणि म्हणतात, “परवा पुन्हा या.” नळीतल्या गर्भाच्या उपचारातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. शहरात ते सहज बोललं जातं, कारण ‘परवा’ आणि दवाखाना यांच्यामध्ये एक रिक्षा असते. आलापल्लीच्या मुलखात त्यांच्यामध्ये जंगल असतं, नाले असतात, घरात लहान मूल असतं आणि एसटीचं वेळापत्रक असतं. या प्रकरणात मला मुख्यतः त्या दोन दिवसांबद्दलच लिहायचं आहे. पण आधी आजार समजून घेऊ.

बीजकोशातून निघालेलं स्त्रीबीज गर्भनलिकेत शिरतं. तिथेच त्याचा शुक्रजंतूशी संयोग होतो आणि फळलेलं बीज तीन-चार दिवसांत सरकत सरकत गर्भपिशवीत पोहोचतं. पिशवीची भिंत जाड, स्नायूंची, ताणली जाणारी. नळीचं तसं नाही. ती बारीक आणि पातळ भिंतीची, आणि गर्भ रुजला की त्याची मुळं रक्तवाहिन्या शोधत थेट त्या भिंतीत घुसतात. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा अशा पिशवीबाहेर होतात आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नळीत. पुढे सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास, कधी त्याच्या आधी तर कधी नंतर, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. हा गर्भ तिथून उचलून पिशवीत ठेवता येत नाही. जगातल्या कुठल्याही इस्पितळात येत नाही. घरच्यांना हे अगदी सुरुवातीलाच आणि स्पष्ट सांगायला हवं, कारण “बाळ वाचेल का” या प्रश्नात पुष्कळदा मोलाचे तास जातात.

बीज वाटेत का अडकतं? बहुतेक वेळा नळीला आतून पूर्वी इजा झालेली असते. जंतुसंसर्गाने, क्षयाने किंवा आधीच्या एखाद्या शस्त्रक्रियेने आतलं नाजूक केसाळ अस्तर झडतं, नळी चिकटते, वळते. इथे गडचिरोलीचंच एक काम आठवायला हवं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार होते आणि त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे होते. याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळी खेड्यातल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी आणि वैद्यकीय समजूत होती. हा अभ्यास त्या समजुतीला मोठा धक्का होता. तो नळीतल्या गर्भाविषयी नव्हता, पण वाचताना मला त्या न तपासलेल्या, न बोललेल्या संसर्गांचं पुढे काय झालं असेल हे दिसत राहतं. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून वर्षानुवर्षं सोसलेल्या दुखण्यातली काही दुखणी नळीपर्यंत चढलेली असणारच.

दुसरं कारण सांगितलं की लोक दचकतात. ते म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी ती करून घेतलेली असते. तिच्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता फारच कमी होते, आणि म्हणून नळीतल्या गर्भाची एकूण शक्यताही कमी होते. पण शस्त्रक्रिया होऊनही दिवस गेलेच, तर तो गर्भ नळीत असण्याचं प्रमाण खूप मोठं असतं. अमेरिकेत १०,६८५ बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९९७ साली निघालेल्या निष्कर्षात, शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या गर्भांपैकी तिसरा हिस्सा पिशवीबाहेरचा होता, आणि तोही कधी कधी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी. तांबीचंही असंच आहे. ती असताना दिवस जाणं विरळा, पण गेले तर आधी नळीचा विचार करायचा. “माझं ऑपरेशन झालंय” हे उत्तर ऐकून आपण पुढचा प्रश्न विचारणं थांबवतो. खरं तर तिथूनच तो विचारायला हवा. आणि हेही खरं की साधारण निम्म्या बायकांमध्ये यातलं कुठलंच कारण सापडत नाही. म्हणजे कारणांची यादी जुळली नाही म्हणून शंका सोडून देता येत नाही.

आता लक्षणं. पुस्तकात तीन लिहिलेली असतात: पाळी चुकणं, पोट दुखणं, रक्त जाणं. गावात ती तशी ओळीने येत नाहीत. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची एकेक प्रकरणं तपासणाऱ्या अहवालांनी पुन्हा पुन्हा नोंदवलंय की नळीतल्या गर्भाने दगावलेल्या काही बायकांना उलट्या-जुलाब होत होते आणि डॉक्टरांनी पोटाचा साधा संसर्ग समजून औषधं दिली होती. पोटात साचलेलं रक्त आतड्याला आणि गुदाशयाला डिवचतं, म्हणून शौचाची भावना होते, जुलाब होतात. ब्रिटनमध्ये ही चूक होते, तर ऐन पावसाळ्यात अहेरी-भामरागडकडे किती सहज होईल? इथे त्या दिवसांत उलटी-जुलाबाचे रोगी असतातच. चक्कर आणि फिकटपणा दिसला की मलेरिया आठवतो. पोटात कळा येणारी तरुण बाई सिकलसेलची असली तर तिची जुनी कळ पुन्हा उठली असं वाटतं. प्रत्येक अंदाज या जिल्ह्यात रास्तच आहे, आणि म्हणूनच घातक ठरू शकतो.

एक लक्षण तर इथे नक्की वाया जातं. पोटातलं रक्त वर छातीच्या पडद्यापर्यंत गेलं की त्या पडद्याची नस चाळवते. ती नस मानेतून आलेली असते, म्हणून दुखतं खांद्याच्या टोकाला, आणि आडवं झाल्यावर जास्त. डॉक्टरच्या दृष्टीने ही धोक्याची घंटा. पण सरपणाची मोळी वाहणाऱ्या, उन्हाळ्यात तेंदूपानं गोळा करणाऱ्या बाईने खांदा दुखतो म्हटलं, तर त्याचं कुणाला काय वाटणार? तिला स्वतःलाही वाटत नाही. म्हणून ते तिने सांगायची वाट न पाहता विचारावं लागतं: “ओझं न उचलता दुखतो का? झोपल्यावर वाढतो का?”

इथल्या माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायका गावाच्या कडेच्या कुर्माघरात जाऊन राहतात. काही ठिकाणी आता त्यासाठी पक्क्या इमारती झाल्या आहेत, पण वेगळं राहणं आहेच. नळीतल्या गर्भाचं रक्त पाळीसारखं दिसू शकतं. थोडं, काळपट, थांबून थांबून जाणारं. ‘यंदा उशिरा आली’ म्हणून बाई कुर्मात जाते आणि नळी फुटायची वेळ ती घरापासून दूर असताना येऊ शकते. मी प्रथेवर टीका करायला हे लिहीत नाही. उलट त्यातच एक उपयोगी धागा आहे: कोण नेहमीच्या वेळेला आलं नाही आणि कोण अवेळी आलं, हे तिथल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक असणार? गावची आरोग्य कार्यकर्ती असलेल्या आशाताईने कुर्मात जाऊन विचारलं, तर दवाखान्याच्या कागदावर कधीच न येणारी पाळीची तारीख तिला तिथे मिळेल.

आशाताईच्या पिशवीत दोन किट असतात. एक बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चालणारी मलेरियाची, दुसरी लघवीवरची ‘निश्चय’. तापाच्या रोग्यासाठी पहिली बाहेर निघते, दुसरी फक्त “मला दिवस गेलेत का” असं विचारणाऱ्या बाईसाठी. माझं म्हणणं एवढंच की पंधरा ते पंचेचाळीस वयाची बाई पोटदुखी, चक्कर किंवा अवेळी रक्तस्राव घेऊन आली, तर दुसरीही निघायला हवी. लग्न झालंय की नाही, ऑपरेशन झालंय की नाही, पाळी येऊन गेली की नाही, हे प्रश्न तपासणी करायची की नाही ते ठरवण्यासाठी विचारायचे नाहीत. अविवाहित मुलीची तपासणी आईसमोर न करता बाजूला घेऊन करावी आणि निकाल तिलाच सांगावा. रेघ एकच आली, तर नळीतला गर्भ बराचसा बाद होतो. दोन आल्या, तर तो बाद होईपर्यंत शंका कायम ठेवायची.

इथेच गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल बोललं पाहिजे. औषधाच्या दुकानातून कुणाकडून तरी आणवून घेतलेल्या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर काम करतात, नळीतल्यावर नाही. पण गोळ्यांनंतर पिशवीच्या अस्तराचं रक्त जातंच. बाईला वाटतं, मोकळी झाले. नळीतला गर्भ वाढत राहतो, आणि दहा दिवसांनी पोटात कळ आली की ती गोळ्यांचीच असं समजून अंगावर काढली जाते. गोळ्या घेतल्याचं सांगायला बायका घाबरतात, आणि ऐकणारा रागावला तर पुढच्या वेळी सांगतच नाहीत. रागावायचं नाही, एवढी एक गोष्ट पाळली तरी काही जीव वाचतील.

घाई किती करायची, हे रक्ताच्या हिशेबावरून कळतं. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे ६५ ते ७० मिलिलिटर रक्त असतं. चाळीस किलोच्या बाईत एकूण पावणेतीन लिटरच्या आसपास. तरुण शरीर रक्त गेलं तरी नसा आवळून, हृदयाचे ठोके वाढवून रक्तदाब टिकवून धरतं आणि साधारण तीस टक्के रक्त गेल्यावर तो खाली घसरतो. या बाईच्या बाबतीत म्हणजे सुमारे आठशे मिलिलिटर. त्यात तिचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असेल, तर उरलेल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची ताकद थोडीच. म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे’ या नोंदीवर विसंबून कुणाला घरी पाठवू नये. बीपी पडेपर्यंत वाट पाहिली, तर आलापल्लीहून निघालेली गाडी रुग्णालयाच्या दारात वेळेत पोहोचेलच असं नाही.

अंतरं अशी आहेत. आलापल्लीहून अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय सात-आठ किलोमीटर. चंद्रपूर किंवा गडचिरोली शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि चंद्रपूरहून नागपूर आणखी दीडशे. दुसऱ्या बाजूला भामरागड पासष्टच्या आसपास. त्याच्या अलीकडे हेमलकसा, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभा केला. दक्षिणेला सिरोंचा, तेही आलापल्लीहून शंभरेक किलोमीटर. प्राणहिता ओलांडून तेलंगणात मंचेरियालकडे जाणारेही कमी नाहीत. हे कोरड्या दिवसांतलं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी दरवर्षी येते, आणि एरवीही खड्डे आणि खनिजाचे अवजड ट्रक यांमुळे किलोमीटरवरून तास काढता येत नाहीत.

आता ते दोन दिवस. गर्भ रुजला की तो एक संप्रेरक रक्तात सोडू लागतो. डॉक्टर त्याला बीटा एचसीजी म्हणतात. लघवीची किट हेच संप्रेरक हुडकते, पण ती फक्त आहे की नाही एवढंच सांगते. रक्ताच्या तपासणीत आकडा कळतो. आणि एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. ४०० म्हणजे कोवळा निरोगी गर्भही असू शकतो, पडणारा गर्भही आणि नळीतलाही. अर्थ येतो तो ४८ तासांनी पुन्हा रक्त घेतल्यावर. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल, तर पिशवीतल्या वाढत्या गर्भात तो दोन दिवसांत किमान निम्म्याने वाढायला हवा, म्हणजे ४०० चे ६०० तरी. दुसऱ्यांदा १८० आले, तर गर्भ बहुधा आपोआप पडतो आहे. आणि ४०० चे ४६० झाले किंवा ३५० झाले, म्हणजे धड वाढही नाही आणि धड घटही नाही, तर नळीचा संशय बळावतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी यातून पुढच्या तारखाच ठरवून दिल्या आहेत. आकडा ६३ टक्क्यांहून जास्त वाढला, तर सात ते चौदा दिवसांत सोनोग्राफी. ५० टक्क्यांहून जास्त घटला, तर चौदा दिवसांनी लघवीची तपासणी, आणि ती अजूनही होकारार्थी आली तर २४ तासांत दवाखान्यात. या दोन्हींच्या मधला आकडा आला, तर २४ तासांच्या आत तज्ज्ञाकडे.

पण आकडा गर्भाची जागा सांगत नाही, हे इथे ठासून सांगावं लागेल. नळीतल्या गर्भांपैकी साधारण पाचातल्या एकात आकडा अगदी शहाण्यासारखा वाढतो. आकडा घटत असतानाही नळी फुटू शकते. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी सोनोग्राफीत गर्भ पिशवीत प्रत्यक्ष दिसेपर्यंत फाइल बंद करायची नाही. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीत गर्भाची पोकळी दिसू लागते, सहाव्याला ठोके. पोटावरून केली, तर त्याहून आठवडाभर उशिरा. पाचव्या आठवड्यात ‘काही दिसलं नाही’ असा अहवाल आला, तर तो ‘काही नाही’ असा वाचू नये. गर्भ कुठे आहे ते अजून ठरायचंय, एवढाच त्याचा अर्थ. नळीतल्या गर्भामुळेही कधी कधी पिशवीत थोडं पाणी साचून गर्भासारखी पोकळी दिसते. नवख्या डोळ्याला ती फसवते.

बाईच्या हातातल्या कागदावर रक्त घेतल्याची तारीख असते, पण वेळ क्वचित असते. सोमवारी सकाळी अकराला रक्त घेतलं, तर दुसरं बुधवारी अकराला. नाल्याला पाणी आलं आणि ती गुरुवारी पोहोचली, तर काही बिघडत नाही. ७२ तासांचाही हिशेब करता येतो, फक्त पहिली वेळ लिहिलेली हवी. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत जायला हवेत, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अहेरीत एक आणि चंद्रपुरात दुसरा अशी तपासणी झाली, तर त्यांची वजाबाकी करून काही निष्पन्न होत नाही. रेफरच्या चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढंच न लिहिता ‘नळीतल्या गर्भाची शंका’ असं लिहावं. त्याखाली शेवटच्या पाळीची तारीख, आकडा आणि रक्त घेतल्याची वेळ, रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेलचा निकाल, ऑपरेशन किंवा तांबी, गोळ्या घेतल्या असतील तर कधी. पाच-सहा ओळींचं काम. रात्री दोन वाजता शंभर किलोमीटरवर ही चिठ्ठी वाचणाऱ्याचा तासभर वाचतो.

आणि ती बाई या दोन दिवसांत राहणार कुठे? या भागात तारखा आठवडी बाजारावर चालतात. ‘पुढच्या बाजारी येते’ म्हणणारी बाई खरोखरच येते, कारण त्या दिवशी गावातली गाडी निघते, सोबत असते, चार पैसे हातात असतात. सात दिवसांचा पाठपुरावा इथल्या आयुष्यात बसतो. ४८ तासांचा बसत नाही. म्हणून तिला घरी पाठवून परत यायला सांगण्यापेक्षा तिला शस्त्रक्रियेच्या सोयीजवळ ठेवून घेणं, हाच इथला पाठपुरावा असला पाहिजे. सरकारने आदिवासी भागात ‘माहेरघर’ नावाची सोय केली आहे. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईने नातेवाइकासह येऊन दवाखान्याजवळ राहायचं. ती पूर्ण दिवसांच्या बायकांसाठी आहे. मला वाटतं, दीड महिन्याच्या गर्भाच्या संशयावर दोन दिवस थांबणारीचाही त्यावर तेवढाच हक्क आहे, शिवाय तिची निवासाची जागा शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयापाशी असावी. तेही नसेल, तर वॉर्डातली एक खाट. तिच्यासोबत येणाऱ्याची रोजी बुडते आणि घरी मूल असतं, हे विचारात न घेता ‘रुग्ण न सांगता निघून गेली’ अशी नोंद करणं सोपं आहे, पण न्याय्य नाही.

गर्भ नळीतच आहे हे पक्कं झालं, की तीन वाटा असतात. आकडा कमी आणि आपोआप घटत असेल, बाईला त्रास नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं. दुसरी वाट मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन. तिसरी शस्त्रक्रिया. मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगावरचं औषध, वेगाने वाढणाऱ्या पेशींना थांबवतं. नळीतल्या गर्भासाठी ते पहिल्यांदा जपानमध्ये १९८२ साली वापरलं गेलं. शरीराच्या आकारमानानुसार मात्रा काढून एक इंजेक्शन स्नायूत देतात. बाईची प्रकृती स्थिर हवी, गर्भाचे ठोके नकोत, गाठ साडेतीन सेंटिमीटरच्या आत आणि आकडा साधारण ५००० च्या खाली हवा, यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी ठीक हव्यात. आणि ती परत येऊ शकायला हवी. ही शेवटची अट बहुतेक पुस्तकांत यादीच्या तळाशी असते. आलापल्लीत ती सर्वांत वर ठेवली पाहिजे.

कारण इंजेक्शन दिल्यावर उपचार संपत नाही, सुरू होतो. इंजेक्शनचा दिवस पहिला धरायचा, रक्त चौथ्या आणि सातव्या दिवशी घ्यायचं. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसला तरी घाबरायचं नाही, तसं होतं. चौथ्या ते सातव्या दिवसात तो किमान १५ टक्के घटायला हवा. नाही घटला तर दुसरं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया. घटला तर दर आठवड्याला तपासत राहायचं, शून्याला टेकेपर्यंत. त्याला सरासरी पाचेक आठवडे लागतात, कधी बरेच जास्त. सोमवारी इंजेक्शन दिलं, तर सातवा दिवस रविवारी येतो आणि प्रयोगशाळेला कुलूप असतं. मंगळवारी दिलं, तर शुक्रवार आणि पुढचा सोमवार. प्रकृती स्थिर असताना एक दिवस पुढेमागे करण्याची मुभा बहुधा असते, तेव्हा इंजेक्शनच्या आधी कॅलेंडर पाहावं.

तिसऱ्या ते सातव्या दिवसात पोटात दुखतं. पुष्कळदा गर्भ सुटत असल्याचं ते दुखणं असतं. कधी नळी फुटल्याचंही. कुठलं, ते फोनवरून कळत नाही, नाडी आणि पोट तपासून, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून कळतं. म्हणून पहिला आठवडा तिने दवाखान्यापासून लांब जाऊ नये.

आणि त्या लाल गोळ्या. गर्भ राहिल्याची नोंद झाली की आशाताई लोहाच्या गोळ्या घरी पोहोचवते आणि ‘खातेस ना रोज?’ म्हणून विचारत राहते. चांगलंच काम करते ती. पण त्या गोळ्यांत लोहाबरोबर फोलिक अॅसिड असतं आणि मेथोट्रेक्सेट काम करतं ते नेमकं फोलिक अॅसिडचा मार्ग अडवून. इंजेक्शननंतर आकडा शून्यावर येईपर्यंत या गोळ्या बंद ठेवायच्या असतात. इंजेक्शन देणाऱ्याने आशाताईला कळवलं नाही, तर तिची तळमळच औषधाच्या विरोधात उभी राहील. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं. दारू, मोहाची असली तरी, बंद. पुढचे निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

लांबच्या गावाची बाई समोर असली की दोन प्रकारची घाई सुचते. एक म्हणजे, ‘ही पुन्हा येईल न येईल, आत्ताच इंजेक्शन देऊन टाकू.’ निदान पक्कं नसताना दिलेलं हे इंजेक्शन पिशवीतल्या चांगल्या, हव्या असलेल्या गर्भाचा घात करू शकतं. ते कधीच करू नये. शंका आहे तोवर ठेवून घ्यावं. दुसरी म्हणजे निदान पक्कं झालं आणि ती परत येऊ शकणार नाही हेही पक्कं आहे, तेव्हा शस्त्रक्रिया सुचवणं. ही घाई मला योग्य वाटते. शहरातल्या बाईला जिथे इंजेक्शन पुरेल, तिथे पलीकडच्या काठावरच्या बाईची नळी काढणं हे कमी दर्जाचं वैद्यक नाही, बाईला सगळं नीट समजावून तिच्या संमतीने केलेलं असेल तर. दुसरी नळी निरोगी असेल, तर पुढे मूल होण्याची शक्यता चांगली राहते.

नळी फुटली असेल, तर मग वाटा उरत नाहीत. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून रक्तवाहिनी बांधायची. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट या शल्यविशारदाला १८८१ साली अशा एका रोग्यावर शस्त्रक्रिया करा असं सुचवण्यात आलं होतं. त्याने नकार दिला, ती बाई गेली आणि शवविच्छेदनात दिसलं की वाहिनी बांधून रक्त थांबवता आलं असतं. १८८३ साली त्याने ते केलं आणि रोगी जगली. त्याआधी नळी फुटलेल्या बहुतेक बायका मरत. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, रक्तपेढी नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. रक्त आजही कमी पडतं, म्हणून एक जुनी युक्ती दुर्गम भागांतल्या शल्यचिकित्सकांनी जिवंत ठेवली आहे: पोटात साचलेलं ताजं रक्त स्वच्छपणे उचलून, गाळून त्याच बाईच्या शिरेत परत द्यायचं. लाइपझिगच्या थीस या डॉक्टरने १९१४ साली नळी फुटलेल्या रोग्यांवरच ती प्रथम यशस्वी केली. गावातून निघतानाच १०८ ला ‘पोटात रक्तस्राव’ असं सांगितलं, सोबत रक्त देऊ शकणारे दोघे बसवले, तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर शस्त्रक्रियेनंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं, हे गडबडीत राहून जातं.

नळी न काढता फक्त गर्भ काढला असेल, तर त्याचे अंश आत राहू शकतात. म्हणून तिथेही आकडा शून्यावर येईपर्यंत आठवड्याला तपासणी. हा पाठपुरावा बाजाराच्या दिवसाशी जोडता येतो. एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा तसं होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. पुढच्या वेळी पाळी चुकली की आठवड्याच्या आत किट, आणि सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी, पोटात काही दुखत नसलं तरी. हे दोन वर्षांनी, कदाचित चार वर्षांनी घडेल. तेव्हा डॉक्टर बदललेले असतील, डिस्चार्जचा कागद हरवलेला असेल. आशाताई मात्र बहुधा तीच असेल, आणि तिच्या वहीत त्या बाईच्या नावापुढे ‘गर्भ नळीत होता, उजवी नळी काढली, पुढच्या वेळी सहा आठवड्यांत सोनोग्राफी’ एवढं लिहून ठेवता येतं.